अनेक डॉक्टर, एक मूल : विकासात मागे राहिलेल्या आणि गुंतागुंतीचे आजार असलेल्या लहानग्याला घरी कसे सांभाळावे

साडेसातव्या महिन्यात जन्मलेले, अडीच वर्षांचे होऊनही आधाराशिवाय न बसणारे, फिट्ससाठी दोन औषधे सुरू असलेले आणि नाकातून घातलेल्या नळीने दूध घेणारे मूल घरात असले, की पालकांच्या हाती वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या चिठ्ठ्या जमत जातात. मेंदूचे डॉक्टर फिट्सचे पाहतात, पोटाचे डॉक्टर वजनाचे, फिजिओथेरपिस्ट पायांच्या ताठरपणाचे. सगळे मूल रोज पाहणारे माणूस मात्र घरीच असते. हे मला जरा उशिराच कळले. एका रात्री तातडीच्या विभागात उभे असताना हातात चांगली जाडजूड फाईल होती, पण ‘आत्ताचे वजन किती आणि संध्याकाळचा डोस गेला का’ या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे तिच्यात शोधायला दहा मिनिटे गेली. म्हणून सुरुवात फाईलपासूनच करावी.

फाईलचे पहिले पान

सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावावेत, पण त्यांच्यावर एकच पान असे ठेवावे की नवख्या डॉक्टरला ते दोन मिनिटांत वाचता येईल. त्यावर मुलाचे नाव, जन्मतारीख, किती आठवड्यांनी जन्म झाला, निदाने, झालेल्या शस्त्रक्रिया, कशाची ॲलर्जी आहे, तारखेसह शेवटचे वजन आणि चालू औषधे लिहावीत. औषधाचा डोस केवळ मिलीलिटरमध्ये लिहून थांबू नये. एकच सिरप निरनिराळ्या ताकदीत मिळते, त्यामुळे ‘५ मिली’ म्हणजे नेमके किती औषध हे बाटलीवरची ताकद लिहिल्याशिवाय कळत नाही. लहान मुलांचे बहुतेक डोस वजनावर ठरतात. मूल वाढते आणि डोस तोच राहिला तर तो हळूहळू अपुरा पडू लागतो, म्हणून दरमहा एकाच काट्यावर वजन करावे आणि आकडा पेन्सिलीने बदलावा. औषध मोजायला घरातला चमचा वापरू नये, तोंडाने औषध द्यायची सिरिंज वापरावी. या पानाचा फोटो आई-वडील दोघांच्याही फोनमध्ये असावा.

जेवण : सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा

नाकाच्या नळीवर नाकपुडीपाशी खूण केलेली असते. दर वेळी दूध देण्यापूर्वी ती खूण जागेवर आहे ना हे पाहावे, सिरिंजने थोडा द्रव ओढून पीएच (आंबटपणा दाखवणाऱ्या) पट्टीवर टाकावा आणि आकडा ५.५ किंवा त्याखाली आला तरच पुढे जावे. हवा मारून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही. आम्लपित्ताचे औषध सुरू असेल तर पट्टीचा आकडा बदलू शकतो, त्या वेळी काय करायचे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. मुलाला ३० ते ४५ अंश उंच ठेवून सिरिंजमधले दूध आपल्या वजनाने खाली जाऊ द्यावे, दट्ट्याने ढकलू नये. नंतर ठरवून दिलेले पाणी सोडून नळी धुवावी आणि निदान अर्धा तास मुलाला आडवे करू नये. दूध जात असताना खोकला आला किंवा ओठ निळसर पडले तर तत्काळ थांबावे. नाचणीचे सत्त्व नळीत साकळते, हे आम्हाला नळी दोनदा तुंबल्यावर कळले. नळी बराच काळ लागणार असे दिसत असेल, तर पोटावरून थेट जठरात घालायच्या नळीबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारावे.

तोंडाने खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत घरातल्या वडीलधाऱ्यांशी जरा जपूनच बोलावे लागते. मुलाला मांडीवर आडवे घेऊन बोंडल्याने दूध ओतणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, पण गिळण्याचे स्नायू कमजोर असलेल्या मुलाच्या फुफ्फुसात ते दूध उतरू शकते. ‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही म्हण तर अशा घरात जेवणाच्या वेळी बंदच असावी. मुलाला बसते करावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी, घास लहान असावा आणि तो गिळल्याची खात्री होईपर्यंत दुसरा देऊ नये. खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरता येणे किंवा छातीत वारंवार कफ होणे ही गिळण्याची तपासणी करून घेण्याची कारणे आहेत. पाण्यासारखे पातळ पदार्थ अशा मुलांना गिळायला विशेष कठीण जातात. वरण किंवा दूध किती दाट करावे हे मात्र गिळण्याच्या थेरपिस्टनेच ठरवावे.

फिट आली तर

मुलाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा (फिट थांबवणाऱ्या औषधाचा) नाकातला फवारा द्यावा आणि १०८ ला फोन करावा. दुसऱ्या कोणाला शक्य असेल तर त्याने मोबाईलवर चित्रीकरण करावे, कारण डॉक्टरांना आपल्या वर्णनापेक्षा त्यातून अधिक कळते. फिट्स थांबल्या म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये, आणि घरात किमान दहा दिवसांचा साठा असावा.

थेरपी दिवसभरात विरघळवावी

आठवड्यातून दोनदा पाऊण तासाची थेरपी पुरेशी नसते, आणि घरी वेगळा तासभर व्यायाम घेण्याइतका वेळ व त्राण कोणापाशी उरत नाही. त्यामुळे थेरपिस्टला प्रत्येक भेटीत एकच गोष्ट विचारावी : आंघोळीच्या, कपडे घालण्याच्या आणि जेवणाच्या वेळी मी नेमके काय करू? सदरा घालताना आधी ताठर हात घालावा आणि थांबावे, म्हणजे मूल दुसरा हात स्वतः पुढे करू पाहते. कधी दहा सेकंद लागतात, कधी चाळीस. केळे आणि चिकू दोन हातांत धरून मूल कुठे पाहते ते पाहावे. न बोलणाऱ्या मुलाने केलेली निवड बहुतेकदा इथेच पहिल्यांदा दिसते.

ऐकण्याची आणि दृष्टीची तपासणी लवकर करून घ्यावी, कारण ऐकूच न येणारे मूल ‘मंद’ ठरवले जाते. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे वय साधारण दोन वर्षांपर्यंत, जितके आठवडे लवकर जन्म झाला तितके वजा करून मोजतात. ३२ आठवड्यांनी जन्मलेले नऊ महिन्यांचे बाळ विकासाच्या हिशेबात सात महिन्यांचे असते. ‘आमच्याकडे मुलगे उशिराच बोलतात’ या दिलाशावर मात्र दोन वर्षे घालवू नयेत. सेरेब्रल पाल्सीवर (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर येणाऱ्या मर्यादेवर) लाखो रुपये घेऊन स्टेम सेलची इंजेक्शने देणाऱ्यांपासूनही दूर राहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा वापर केवळ संशोधनातील चाचणीपुरताच मान्य आहे.

सरकारी दारे कोणत्या क्रमाने ठोठवावीत

पहिले दार जवळचेच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येऊन मुले तपासते आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. पथकाची वाट न पाहता अंगणवाडी सेविकेकडून किंवा आशाताईंकडून या केंद्राचा पत्ता घ्यावा आणि थेट जावे. त्यानंतर दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज करावा. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे असून बहुतेक सवलती ४० टक्के दिव्यांगत्वापासून सुरू होतात. लहान मुलाला बहुधा तात्पुरते प्रमाणपत्र मिळते, त्याची मुदत संपण्याची तारीख फाईलच्या त्याच पहिल्या पानावर टाकावी. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल, तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण मिळते आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

दुसरे माणूस तयार करावे

नळी, कफ ओढून काढणारे सक्शन मशीन आणि फिट ही तिन्ही कामे फक्त आईलाच येत असतील, तर ती आजारी पडायच्या दिवशी घर अडकते. आजोबा, मावशी किंवा शेजारच्या काकू, ज्यांची तयारी असेल त्यांना एक काम आधी दोनदा दाखवावे, मग आपल्यासमोर दोनदा करू द्यावे. आमच्या घरी आजोबांना नळीचे शिकायला आठ दिवस लागले. पीएच पट्टीचा रंग ते चष्मा पुसून पुसून पाहत आणि मग मोठ्याने आकडा सांगत. नवव्या दिवशी दुपारच्या दुधाच्या वेळी आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन आलो, पाऊण तासात. परत आलो तेव्हा सिरिंज धुऊन पालथी घातलेली होती आणि वहीत वेळ लिहिलेली होती : १ वाजून १० मिनिटे, १२० मिली, खोकला नाही.