.२८० रेमिंग्टन की .२८० अ‍ॅकली इम्प्रूव्ह्ड? तुलनेतल्या आणि पुंगळी घडवतानाच्या या चुका टाळा

.२८० रेमिंग्टन या रायफलीच्या काडतुसापेक्षा त्याची अ‍ॅकली इम्प्रूव्ह्ड आवृत्ती सेकंदाला शंभर-दीडशे फुटांनी वेगवान, असं सर्रास सांगितलं जातं. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, हा फरक दिसतोही. मात्र त्यातला पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) आकाराचा वाटा किती आणि आतल्या दाबाचा किती, हे न तपासताच चांगली चाललेली नळी, चेंबर (काडतूस बसण्याची जागा) नव्याने कापण्यासाठी, रीमरखाली घातली जाते. बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

पार्कर ऑटो अ‍ॅकली या अमेरिकी बंदूक-कारागिराने जुन्या पुंगळ्यांवर दोनच बदल केले. अंगाचा उतार जवळजवळ सरळ केला आणि खांदा, म्हणजे अंग मानेकडे अरुंद होतं तो भाग, ४० अंशांचा केला. .२८० रेमिंग्टनचा खांदा १७.५ अंशांचा असतो. अंग रुंदावल्यामुळे आत दारूला पाच ते सात टक्के जादा जागा मिळते. नेमका आकडा पुंगळी कोणत्या कंपनीची आहे त्यावर ठरतो. मूळ काडतूस नव्या चेंबरमध्ये झाडलं की पुंगळी फुगून हा आकार घेते; यालाच पुंगळी घडवणं म्हणतात.

चूक पहिली: वेगवेगळ्या दाबांचे आकडे शेजारी ठेवणे

रीलोडिंग करणाऱ्यांचा, म्हणजे झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांचा, एक जुना ठोकताळा आहे. दाब तोच ठेवला तर जागा जितके टक्के वाढते, त्याच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकाच वेग वाढतो. सहा टक्के जागा वाढली तर वेग दीड टक्का वाढणार. १४० ग्रेनची गोळी ३,००० फुटांनी जात असेल, तर भर पडते ४५ फुटांची. २०० यार्डांवर नेम जुळवलेल्या (शून्य केलेल्या) रायफलीत ३०० यार्डांवर हा फरक अर्धा इंचही भरत नाही.

मग बाकीचे फूट येतात कुठून? १९५७ साली .२८० रेमिंग्टन बाजारात आली ती कंपनीच्या ७४० या अर्धस्वयंचलित रायफलीसाठी, म्हणून तिचा दाब मुद्दाम खाली ठेवला होता. अमेरिकेतल्या सामी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने तिला ६०,००० पौंड प्रति चौरस इंच ही कमाल मर्यादा दिली आहे. अ‍ॅकली आवृत्तीला नॉस्लर कंपनीने पुढे मानक मिळवून दिलं, ते ६५,००० चं. जाहिरातीतल्या तफावतीचा मोठा भाग या ५,००० पौंडांचा आहे, खांद्याच्या कोनाचा नाही.

तुलना करायचीच तर नळीची लांबी, गोळीचं वजन आणि दाब हे तिन्ही सारखे हवेत. नळीच्या एका इंचामागे २० ते ३० फूट सहज इकडे-तिकडे होतात. त्यामुळे २२ इंचांच्या .२८० ची २६ इंचांच्या अ‍ॅकलीशी तुलना करण्यात काही अर्थ नाही. एकाच लांबीच्या, एकाच कंपनीच्या दोन नळ्यांतही ४०-५० फुटांचा फरक निघतो, म्हणजे खऱ्या सुधारणेइतकाच. पाच गोळ्यांच्या सरासरीवरून निकाल देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हा बदल कुठे फळतो? मूळ पुंगळीला उतार जास्त आणि जुन्या रायफलींमुळे दाबमर्यादा कमी असते तिथे; .२५० सॅव्हेज आणि .२५७ रॉबर्ट्‌स ही त्याची चांगली उदाहरणं. .३०८ विंचेस्टरसारखी पुंगळी आधीच बऱ्यापैकी सरळ असते, तिच्यातून फारसं काही निघत नाही. .२८० मध्ये वेगापेक्षा खरा फायदा वेगळाच आहे: पुंगळी कमी ताणली जाते, मान वारंवार कापावी लागत नाही.

चूक दुसरी: नळी मागे न घेता चेंबर कापणे

सर्वांत धोकादायक चूक हीच. आहे त्या .२८० च्या चेंबरमध्ये अ‍ॅकलीचा रीमर फिरवला की काम झालं, असा समज आहे. तसं होत नाही. जुन्या १७.५ अंशांच्या खांद्यावर नवा ४० अंशांचा खांदा कापला की मूळ काडतुसाला टेकायला जागाच उरत नाही.

बरोबर कापलेल्या चेंबरमध्ये मूळ .२८० चं काडतूस खांदा आणि मान जुळतात त्या अरुंद कड्यावर टेकतं, किंचित चेपून. त्यासाठी नळी धाग्यावरून थोडी मागे घ्यावी लागते आणि अ‍ॅकलीच्या पारंपरिक पद्धतीत हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर) मूळ गो-गेजपेक्षा (चेंबर पुरेसं खोल आहे का हे तपासण्याच्या मापापेक्षा) ०.००४ इंच कमी ठेवतात. म्हणजे मूळ .२८० चं गो-गेज इथे नो-गोचं (ज्यावर बोल्ट बंद होऊच नये अशा मापाचं) काम करतं: बोल्ट त्यावर बंद झाला तर चेंबर खोल आहे. सामीच्या मानकाप्रमाणे कापलेल्या नव्या चेंबरला मात्र त्याच मानकाची गेजं वापरावीत. जुन्या कारागिरांची चेंबरं आणि सामीचं चेंबर मापात तंतोतंत जुळतीलच असं नाही, त्यामुळे वापरलेली रायफल घेताना रीमर कोणता होता हे विचारून घ्यावं.

चेंबर खोल असेल तर काय होतं? पिन काडतुसाला पुढे ढकलते, दारू पेटते, पुंगळीच्या भिंती चेंबरला चिकटतात आणि बूड तेवढं मागे सरकतं. ताण बुडाच्या थोडं वर एका वर्तुळात येतो. तिथे धातू पातळ होतो आणि आज ना उद्या पुंगळी त्याच रेषेवर तुटते.

चूक तिसरी: .२७० किंवा .३०-०६ ची पुंगळी थेट वापरणे

तिन्हींचं कूळ एकच, म्हणून हा मोह होतो. पण .२८० चा खांदा .२७० पेक्षा सुमारे ०.०५० इंच पुढे आहे. .२७० ची पुंगळी अ‍ॅकली चेंबरमध्ये थेट घडवायला गेलात तर तेवढी मोकळी जागा राहते आणि वर सांगितलेली तूट पहिल्याच बारात येऊ शकते. आधी मान मोठी करून घ्यावी, मग अ‍ॅकलीच्या डायमध्ये (पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यात) थोडी थोडी खाली आणत खोटा खांदा, म्हणजे चेंबरला टेकायला तात्पुरता टेकू, तयार करावा. बोल्ट बंद होताना हाताला हलका अडथळा जाणवला की थांबावं. .३०-०६ पासून बनवलेल्या पुंगळीची मान आखूडच राहते, कारण मूळ लांबी २.४९४ इंच आहे आणि .२८० ची २.५४०. .२८० च्या पुंगळ्या मिळत असतील तर या भानगडीत पडू नये.

चूक चौथी: घडवण्याआधी अ‍ॅकलीचा भार भरणे

न घडवलेल्या .२८० च्या पुंगळीत आतली जागा अजून जुनीच असते. तिच्यात अ‍ॅकलीच्या तक्त्यातला भार (दारूचं प्रमाण) भरला तर दाब मर्यादेबाहेर जातो. घडवण्यासाठी .२८० रेमिंग्टनच्या तक्त्यातला मध्यम भार घ्यावा, किंवा कारखान्याचं .२८० चं काडतूस सरळ झाडावं. त्यात थोडा वेग कमी भरतो, अचूकता सहसा ठीक असते. फार हलका भारही नको, खांदा पूर्ण उमटत नाही.

आणखी तीन गोष्टी. चेंबर आणि पुंगळी कोरडी ठेवा. तेल लावलं तर भिंतींची पकड सुटते आणि सगळा जोर बोल्टवर येतो. जुन्या, अनेकदा झाडलेल्या पुंगळ्यांची मान तापवून मऊ केल्याशिवाय त्या घडवू नका. लांबी आधी कापू नका: घडताना पुंगळी थोडी आखूड होते आणि अ‍ॅकलीची कमाल लांबी २.५२५ इंच, म्हणजे मूळच्यापेक्षा कमीच आहे. घडल्यावर मोजून सगळ्या सारख्या कराव्यात.

चूक पाचवी: बोल्ट सहज उघडतो म्हणजे दाब ठीक

सरळ भिंतीची पुंगळी चेंबरला घट्ट धरते, त्यामुळे बोल्टवर मागे येणारा जोर कमी होतो. अ‍ॅकली यांनी .३०-३० च्या सुधारित चेंबरची विंचेस्टर ९४ रायफल तिचा कुलुपाचा भाग काढून झाडून दाखवली होती, ती हेच सिद्ध करण्यासाठी. लोकांनी त्यातून उलटा धडा घेतला. जोर कमी झाला तरी चेंबरमधला दाब तेवढाच राहतो. फक्त जड बोल्ट, बुडावरची चमकदार खूण ही नेहमीची लक्षणं उशिरा दिसतात. ती दिसेपर्यंत तुम्ही ६५,००० च्या बरेच पुढे गेलेले असू शकता.

अशा वेळी क्रोनोग्राफवर जास्त भरवसा ठेवावा. तीच गोळी, तीच दारू, तेवढीच नळी असताना तक्त्यातल्या कमाल वेगापेक्षा जास्त वेग दिसत असेल, तर तो फुकट आलेला नाही. भार कमी करा.

बिघाड दिसला तर

खांद्याच्या कडा गोल राहिल्या: घडवण्याचा भार हलका होता. पुढच्या नेहमीच्या बारात त्या बहुधा धारदार होतात, पुंगळी टाकू नये.

मान किंवा खांदा चिरला: धातू कडक झाला आहे. एखादीच चिरली तर सोडून द्या, लागोपाठ चिरत असतील तर उरलेल्या तापवून घ्या.

बुडाच्या वर चमकदार कडं: टोक वाकवलेली तार आतून फिरवून पाहा. खाच लागली तर ती पुंगळी बाद, आणि पुढचा बार काढण्याआधी हेडस्पेस तपासून घ्यायचं.

प्रायमर (बुडातली पेटवणारी टोपी) बाहेर आलेला किंवा काडतूस पेटलंच नाही: काडतूस पुढे सरकतंय. ते चेंबरच्या कड्यावर टेकत नाही, किंवा साइझिंग डाय फार खाली बसवून खांदा जास्त मागे ढकलला गेला आहे. घडलेल्या पुंगळीचा खांदा ०.००१ ते ०.००२ इंचापेक्षा जास्त मागे नेऊ नये. हे माप कंपॅरेटरने (खांद्यापर्यंतची लांबी मोजणाऱ्या साधनाने) घेताना घडलेल्या पुंगळीची तुलना घडलेल्याच पुंगळीशी करा. खांद्याचा कोन बदलला की जुन्या .२८० चं माप शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

मॅगझिनमधून काडतूस अडकतं: सरळ अंग आणि उभा खांदा काही मॅगझिनांना मानवत नाही. आधी मॅगझिनच्या कडा आणि फीड रॅम्प (काडतूस चेंबरकडे नेणारा उतार) तपासा, चेंबरला हात लावू नका.

राहिला प्रश्न शिक्क्याचा. घडवलेल्या पुंगळीच्या बुडावर ".२८० रेमिंग्टन" असंच कोरलेलं असतं, त्यामुळे डब्यांवर आवृत्ती आणि भार ठळक लिहावा. नळीवरचा जुना शिक्का बदलून घ्यावा, नाहीतर पुढचा मालक मूळ .२८० समजून ती घेईल. जुन्या साठ्यात "७ एमएम एक्सप्रेस रेमिंग्टन" असं छापलेली काडतुसंही सापडतात. रेमिंग्टनने १९७९ मध्ये .२८० लाच हे नाव दिलं होतं आणि नंतर मागे घेतलं. ती ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम नव्हेत. मॅग्नमच्या चेंबरमध्ये ही काडतुसं चुकूनही घालू नयेत.