बेक्सहिलला समुद्राकाठी फ्लॅट घेताना

फ्लॅट बघायला जोराचा वारा सुटलेल्या दिवशी जा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बेक्सहिलला, 1935 च्या डी ला वॉर पॅव्हिलियन या समुद्राकाठच्या सार्वजनिक इमारतीजवळ, आम्ही तसेच गेलो. खिडकीच्या बिजागरीवर बोट फिरवलं तर गंजाचा लाल चुरा हाताला आला. खारी हवा लोखंड खाते.

इथले फ्लॅट बहुतेक लीजवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर. किती वर्षं उरलीत, हे आधी विचारा. 80 च्या खाली असतील तर वाढवून घेणं महाग पडतं, कर्जही अडतं. सर्व्हिस चार्जचे, म्हणजे इमारतीच्या देखभालीसाठी भरायच्या पैशांचे, मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागाच. छप्पर, बाहेरचा रंग, सगळा खर्च त्यातून वाटला जातो.

डिसेंबरात चारला अंधार पडतो. तेव्हा फ्लॅटसमोरच्या रस्त्यावरून एकदा चाला. मला ती शांतता फार आवडते, सासूबाईंना मात्र पहिल्या हिवाळ्यात सोसवली नाही.