‘कागज के फूल’ कसा पाहावा

सिनेमावाल्यांवरचा सिनेमा बघायचाय? मग १९५९च्या ‘कागज के फूल’पासूनच सुरुवात करा. मोबाइलवर मात्र नको. हा भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला चित्रपट, त्याला पडदा रुंदच हवा. खोलीतले दिवे घालवा. ‘वक्त ने किया’ हे गाणं लागलं की रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा उजेडाचा झोत बघा. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी मोठाल्या आरशांवरून ऊन आत आणलं होतं. मी तो तुकडा मागे नेऊन आवाज बंद करून पुन्हा बघते. मग गुरुदत्त आणि वहिदा रहमान या दोघांमधलं अंतर अंगावर येतं. शेवटी दिग्दर्शकाची खुर्ची येते, तेव्हा जागचं हलू नका.

दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावा, दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा केला त्यावरचा सिनेमा. फाळक्यांनी त्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.