शोल्डरचा व्यायाम करताना या चुका टाळा

एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास फिरतो. पत्र्याच्या जिममध्ये पाय ठेवला की बनियन भिजलंच. मग मुलं म्हणतात, अंग गरमच आहे, वॉर्मअप कशाला? घाम कातडीवर येतो. खांद्याच्या आतले स्नायू तेवढ्याने कामाला तयार होत नाहीत. पाच-सात मिनिटं हात फिरवा, रबर बँड ताणा, मग रिकामा रॉड, मग हलकं वजन. हे थंडीतही करायचं आणि उन्हाळ्यातही.

खुब्याच्या सांध्याची वाटी खोल असते, खांद्याची बशीसारखी उथळ. म्हणून हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच तो लवकर बिघडतो. हाडाचा गोळा त्या बशीत धरून ठेवतात ते रोटेटर कफचे चार छोटे स्नायू. आरशात ते दिसत नाहीत, दिसतो तो वरचा डेल्टॉइड. सगळे त्याच्याच मागे लागतात.

मीही लागलो होतो. मानेमागून रॉड डोक्यावर दाबायचा प्रेस मी दोन वर्षं केला, कारण शिकवणाऱ्याने तोच दाखवला होता. पुढे उजव्या कुशीवर झोपणं बंद झालं. या प्रकारात हात वर असतानाच कोपर मागे ओढलं जातं आणि सांध्याच्या पुढच्या बाजूला ताण बसतो. ज्याचा खांदा आधीच आखडलेला आहे, त्याची मानही पुढे झुकते. रॉड समोरून दाबा. कोपरं दोन्ही बाजूंना सरळ न पसरता साधारण 30 अंश पुढे ठेवा. खांद्याचं पातं ज्या रेषेत बसलेलं आहे, तीच ही रेषा. एवढ्या बदलाने बऱ्याच जणांची टोचणी कमी होते.

साइड रेजमध्ये, म्हणजे डंबेल दोन्ही बाजूंना उचलताना, चूक वजनाची होते. रावेर-यावलकडची मुलं केळीचे घड खांद्यावर वाहतात. त्यांना 5 किलोचं डंबेल खेळण्यासारखं वाटतं. 'काही नही होत भो' म्हणत ती 10 किलो उचलतात. पण घड मानेजवळ, धडावर टेकलेला असतो. डंबेल हाताच्या टोकाला, खांद्यापासून जवळजवळ दोन फूट लांब असतं, आणि ते पेलायचं खांद्यालाच. तालुक्याच्या जिममध्ये 5 नंतर थेट 7.5 चं डंबेल असतं, म्हणजे एकदम दीडपट वजन. आधी 5 किलोवर झटका न देता 15 ते 20 रेप्स (वर-खाली फेऱ्या) जमू द्या. हात खांद्याच्या उंचीवर थांबवा. तांब्यातून पाणी ओतल्यासारखा अंगठा खाली वळवू नका, किंचित वरच राहू द्या.

अपराइट रोमध्ये, म्हणजे रॉड अंगाजवळून वर ओढताना, पकड खांद्यांपेक्षा रुंद ठेवा आणि रॉड छातीपर्यंतच आणा. तरीही टोचत असेल तर हा व्यायाम सोडून द्या, काही बिघडत नाही. प्रेस करताना कंबर मागे वाकली तर वजन जास्त झालं असं समजा.

पोलीस भरतीवाल्यांनी आणखी एक सांभाळावं. गोळाफेकीत पुरुषांचा गोळा 7.260 किलोचा असतो. सकाळी मैदानावर गोळा आणि संध्याकाळी जड शोल्डर प्रेस, असं एकाच दिवशी ठेवू नका. बेंच प्रेसमध्येही (बाकावर झोपून रॉड दाबताना) खांद्याचा पुढचा भाग राबतोच, त्यामुळे मागच्या भागासाठी रोइंग (वजन पोटाकडे ओढणं) आणि फेस पुल (केबल चेहऱ्याकडे ओढणं) किमान तेवढेच करा.

दुसऱ्या दिवशी स्नायू जड वाटणं चालतं. हात अर्ध्यावर उचलताना सुरीसारखी कळ, रात्री ठणका, हाताला मुंग्या किंवा हात वर न जाणं चालत नाही. त्याच सेटला वजन खाली ठेवा, पेनकिलर घेऊन पुढचा सेट मारू नका. थोडे दिवस हात डोक्यावर नेणारे व्यायाम थांबवा. कळ राहिलीच तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एकाएकी हात उचलताच येईना किंवा खांदा निखळल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी. बरं वाटल्यावर पुन्हा रिकाम्या रॉडपासून सुरुवात करा, आधी कितीही वजन मारत असलात तरी.