‘हॅव ॲक्सेस टू’ लिहिताना ‘टू’ कुठे घालायचं, कुठे गाळायचं

एखादी फाइल, प्रयोगशाळा किंवा ग्रंथालय आपल्याला वापरता येतं हे इंग्रजी अर्जात सांगायला ‘हॅव ॲक्सेस टू’ लागतंच. बोलताना आपण ‘फाइलचा ॲक्सेस’ म्हणतो. त्या ‘चा’च्या ओढीने हातून ‘ॲक्सेस ऑफ द फाइल’ लिहिलं जातं. इथे ‘टू’च हवं: ‘आय हॅव ॲक्सेस टू द फाइल.’

खरी मेख पुढे आहे. ॲक्सेस हे नामही आहे आणि क्रियापदही. क्रियापद झालं की त्याच्या पुढचं ‘टू’ गळतं. ‘आय कॅन ॲक्सेस द फाइल’ बरोबर, ‘आय कॅन ॲक्सेस टू द फाइल’ चूक. ओळखायचं असं: आधी हॅव, गेट, गेन, गिव्ह, ग्रँट किंवा डिनाय असेल तर ते नाम, पुढे ‘टू’ घाला. आधी कॅन किंवा विल असेल, तर ते क्रियापद, पुढे ‘टू’ नको. ‘आय नीड टू ॲक्सेस द फाइल’ यातलं ‘टू’ आधी येतं. ते क्रियापदाचं, त्याला हात लावू नका.

‘आय ॲम हॅविंग ॲक्सेस’ टाळा. ॲक्सेस असणं ही स्थिती आहे, चालू क्रिया नव्हे. म्हणून साधं ‘हॅव’, आणि कर्ता ‘ही’, ‘शी’ किंवा एकवचनी नाम असेल तर ‘हॅज’. हे नाम मोजता येत नाही, त्यामुळे ‘ॲन ॲक्सेस’ही नको, ‘फुल ॲक्सेस’, ‘लिमिटेड ॲक्सेस’ चालतं. मागणी करताना ‘प्लीज गिव्ह मी ॲक्सेस टू द फोल्डर’ लिहा. ‘प्रोव्हाइड मी’ वापरायचं असेल तर मध्ये ‘विथ’ हवं: ‘प्रोव्हाइड मी विथ ॲक्सेस टू द फोल्डर.’

लांब वाक्यात ‘टू’ हमखास हरवतं. ‘द जर्नल्स आय हॅव ॲक्सेस’ हे अर्धवट आहे. शेवटी ‘टू’ जोडा, किंवा औपचारिक पत्रात ‘द जर्नल्स टू विच आय हॅव ॲक्सेस’ लिहा.

स्पेलिंगही तपासा. ॲक्सेस ‘ए’ने सुरू होतं, त्यात दोन ‘सी’ आणि दोन ‘एस’. ‘ई’ आणि ‘एक्स’ने सुरू होणारा एक्सेस म्हणजे जादा. दोन्ही शब्द खरे असल्याने साधा स्पेलचेक ही अदलाबदल पकडत नाही. ती डोळ्यांनीच शोधावी लागते.