मराठा घोडदळाच्या खाण्यावर लिहिताय, किंवा स्वतः घोड्यावरून मोहीम काढताय? या चुका टाळा

शिवजयंती जवळ आली की मावळ्यांच्या आहारावरच्या पोस्ट सुरू होतात, आणि हल्ली घोड्यावरून गडवाटा करणारे ग्रुपपण वाढलेत. चुका मात्र दोन्हीकडे त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वाराच्या भाकरीचा हिशोब करायचा आणि घोड्याचा विसरायचा. राबणाऱ्या घोड्याला दिवसाला चार किलो दाणा धरा, वैरण वेगळी. दहा हजार घोडी असतील तर रोजचा 40 टन दाणा झाला, आणि एक बैल पाठीवर सव्वाशे किलो नेतो असं धरलं तरी एका दिवसाच्या चंदीला, म्हणजे घोड्याच्या दाण्याला, 320 बैल लागतात, म्हणूनच तर बैलांवरून धान्य वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यांशिवाय मोठ्या फौजेचं पान हलायचं नाही. शिवाजी महाराजांवरच्या सभासद बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद (नाल ठोकणारा) लावून दिलाय. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र तर वाचाच. दाणा-गवत आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही रयतेला त्रास द्याल, असं बजावलंय. रात्रीचा दिवा तसाच जळत ठेवू नका, उंदीर वात पळवेल आणि गवत पेटेल, इथपर्यंत विचार केलाय. अशा सैन्यावर लिहिताना वैरणीची एक ओळ नसेल तर ते लिखाण अर्धवटच म्हणायचं.

दुसरी चूक घाईची, आणि ती बघून माझं डोकंच फिरतं. जुन्नरच्या बाजूला एका राईडला नवीन पोरं होती, मुक्कामाला पोचल्या पोचल्या घोडी घामाने निथळत असतानाच त्यांनी तोबऱ्यात, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या दाण्याच्या पिशवीत, काठोकाठ सुका हरभरा भरला आणि वर पोटभर पाणी पाजलं. रात्री एक घोडी सारखी पोटाकडे वळून बघायला लागली, पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, मग खाली पडून लोळायला लागली. डॉक्टर येईपर्यंत आम्ही आळीपाळीने तिला चालवत होतो. वाचली बिचारी. पोरं म्हणे व्हिडिओत असंच दाखवलं होतं! अरे, घोड्याचं पोट लहान असतं, त्याला उलटी करता येत नाही, सुका दाणा आत जाऊन फुगतो. मी हरभरा आदल्या रात्रीच भिजत घालतो आणि दाणा दोन बोटांत चिरडला गेला तरच तोबऱ्यात जातो. मुक्कामाला आलं की आधी तंग (खोगिराचा पोटपट्टा) सैल करायचा, हळूहळू फिरवून अंग निवू द्यायचं, पाणी थोडं थोडं, मग वैरण, आणि चंदी तासाभराने, तीही दोन-तीन वेळांत वाटून. ज्याला एवढा दम धरवत नाही त्याने बाईक घ्यावी. आणि गाई-म्हशींचं तयार पशुखाद्य घालायचा शॉर्टकट अजिबात नको, त्यातली काही औषधं घोड्याच्या जिवावर बेततात.

तिसरं, बाजीराव घोड्यावर बसल्या बसल्या कणसं चोळून खातायत ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते, आणि त्यावरून अख्खी फौज कायम शेतातल्या कच्च्या दाण्यावर जगायची असं ठोकून देतात. अहो, कणीस शेतात किती आठवडे उभं असतं? फेब्रुवारी 1728 ला पालखेडला निजामाची दाण्यापाण्यावाचून कोंडी केली तेव्हा आपल्याकडे शाळूचा (रब्बी ज्वारीचा) हंगाम होता, फौज हलकी होती, मुलूख पायाखालचा होता. पानिपतला यातलं काहीच नव्हतं. कुंजपुऱ्याला धान्य हाती लागलं खरं, पण ऑक्टोबर 1760 च्या शेवटी अब्दालीने बागपतला यमुना ओलांडून दिल्लीची वाट तोडली, अब्दालीची रसद मारणारे मराठ्यांचे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात पडले, आणि छावणीत लढणाऱ्यांपेक्षा खाणारी तोंडं कितीतरी जास्त. 14 जानेवारी 1761 ला माणसं आणि घोडी दोन्ही उपाशीच मैदानात उतरली.

बाकी किरकोळ. शिवकाळाच्या ताटात बटाटा, टोमॅटो, साबुदाणा वाढू नका. भर पावसाळ्यात घोडदळाची लांब मोहीम रंगवू नका, तेव्हा घोडी छावणीत असायची, दसरा झाला की बाहेर पडायची. आणि राईडला जाताना मुक्कामाच्या गावात कडबा मिळतो का, हे निघायच्या आधी फोन करून विचारा.