जुन्या एसयूव्हीचं ॲव्हरेज घसरलंय? बिघाड असा शोधा

दोन-सव्वादोन टनांची, चौकोनी तोंडाची जुनी एसयूव्ही किंवा पिकअप छोट्या कारचं ॲव्हरेज देणार नाही, हे मान्य. पण तीच गाडी पूर्वी देत होती त्याहून बरंच कमी देत असेल, तर काहीतरी बिघडलंय आणि ते सापडतं. इंधनात ओतायच्या बाटल्या आणि पाइपला लावायची चुंबकं यांत पैसे घालू नका.

आधी मोजमाप नीट करा. टाकी फुल करताना नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबा. निदान तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर तशीच फुल करा. अशा तीन वेळांची सरासरी धरा. मूळ मापापेक्षा मोठे टायर असतील तर ओडोमीटर कमी दाखवतो. व्यास १० टक्के मोठा असेल तर खरे ११० किलोमीटर कापल्यावर काटा १००च सांगतो, म्हणजे ॲव्हरेज आहे त्याहून वाईट दिसतं. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहा.

मग ब्रेक. पंधरा-वीस किलोमीटर चालवा आणि शेवटी ब्रेक जवळपास न वापरता गाडी थांबू द्या. चारही रिमच्या मध्याजवळ तळहात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त धगधगत असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय. बहुतेक वेळा कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) स्लाइड पिना, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या पिना, सुकलेल्या असतात. काढा, पुसा, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा. तरी चाक जॅकवर जड फिरत असेल तर ब्लीडर स्क्रू (कॅलिपरमधलं ऑइल-हवा बाहेर सोडायचा स्क्रू) किंचित सैल करा. तत्क्षणी चाक सुटलं तर कॅलिपरला दोष देऊ नका. ब्रेक ऑइलचा रबरी होज आतून सुजलाय. पेडलच्या दाबाने ऑइल पुढे जातं, पण मागे फिरत नाही. होज बदला आणि ब्रेक ब्लीड करा, म्हणजे ऑइलमधली हवा काढा. मागे ड्रम असतील तर हँडब्रेकची केबल अडकलेली नाही ना, तेही बघा.

इंजिन पुरेसं तापतं का, हे फारसं कुणी बघत नाही, कारण काटा लाल पट्ट्यात गेला तरच लोक घाबरतात. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला की हायवेवर इंजिन ६०-७० अंशांवरच राहतं. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, वाटतं गाडी अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ऑटोमॅटिक गाडीत दुसरा फटका बसतो: इंजिन तापेपर्यंत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होऊ दिला जात नाही, म्हणजे त्यातली घसरण चालूच राहते. ८०च्या स्थिर वेगात, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून, डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करा. मागे कुणी नसतानाच. आरपीएम दोन-तीनशेने वर जाऊन पुन्हा खाली बसलं तर लॉकअप चालू आहे. काटा हललाच नाही तर कन्व्हर्टर लॉक होत नाहीये. आधी थर्मोस्टॅट बघा, गिअरबॉक्स उघडायची घाई नको. थर्मोस्टॅट बदलताना कंपनीने सांगितलेल्या तापमानाचाच घ्या.

ओबीडी सॉकेट (स्कॅनर जोडायची जागा) असेल तर साधा स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम वाचा, म्हणजे ईसीयू ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ किंवा कपात करतोय तो आकडा. शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (दीर्घकाळचा) ट्रिम मिळून अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) अधिक १५ आणि अडीच हजार आरपीएमला शून्याजवळ, म्हणजे व्हॅक्यूम पाइप किंवा इनटेक गॅस्केटमधून हवा शिरतेय. लोड वाढेल तसा आकडा वाढत गेला तर एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) मळलाय किंवा इंधनाचा दाब कमी पडतोय. सेन्सर त्याच्यासाठीच्या स्प्रेनेच धुवा, तारेला बोट लावू नका. आकडा उणे दहाच्या खाली असेल तर इंजेक्टर गळतोय का, प्रेशर रेग्युलेटर बिघडलाय का, हे तपासा.

एअर फिल्टर बदलून ॲव्हरेज वाढेल ही अपेक्षा ईसीयूवाल्या पेट्रोल गाडीत ठेवू नका. मळक्या फिल्टरने गाडीची वेग पकडायची ताकद मरते, ॲव्हरेज फारसं नाही. कार्ब्युरेटरची किंवा जुनी डिझेल गाडी असेल तर मात्र जरूर बदला. डिझेल गाडी काळा धूर सोडत असेल तर टर्बोचे होज आणि इंजेक्टर दाखवा.

टायरची हवा थंड असताना, दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. सुक्या रस्त्यावर फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी सोय) बंद ठेवा. रेडिएटरचा पंखा सतत गर्जत असेल तर फॅन क्लच (गरज नसताना पंखा इंजिनपासून सोडवणारा भाग) जाम झालाय. तो विनाकारण ताकद खातो.

एवढं करून उरतो तो वेग. असल्या रुंद गाडीला ८०वर हवेचा जेवढा रोध असतो, त्याच्या दीडपटीहून जास्त १००वर होतो. छतावरचा रिकामा कॅरिअर त्यात आणखी भर घालतो. चार बोल्ट सोडून उतरवून ठेवा.